पंधराव्या मिनिटाला

९ मे, सोमवार

भुंग्या,

पत्र फाडणार असशील तर खुशाल फाड, पण मधोमध एकदाच फाड. म्हणजे पुढेमागे पश्चात्ताप झाला तर चिकटवता येईल.

सरळ सांगते. बावीस तारखेला, रविवारी, मी तुझ्या जहाजावर येते आहे. प्रवासी म्हणून, रीतसर तिकीट काढून. चिडलास ना? चीड. तू फोन उचलत नाहीस, कंपनीच्या पत्त्यावर धाडलेल्या माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही, आणि दहा महिन्यांत एकदाही घराकडे फिरकला नाहीस. तू येत नाहीस म्हणून मी येते, इतकी साधी गोष्ट आहे.

तू कुठल्या जहाजावर आहेस हे कसं कळलं, असं तुझ्या मनात आलं असेल. गेल्या महिन्यात लॅबमध्ये बदली म्हणून एक दिवस बसले होते. निवृत्त झाले तरी डॉक्टरीणबाई अडल्या की मलाच बोलावतात. रजेवर आलेला एक जहाजावरचा माणूस रक्त द्यायला आला. तिथे लाँड्री बघतो म्हणाला. माझ्या कोटावरचं आडनाव वाचून म्हणतो, "या आडनावाचा एक बेकर आहे आमच्याकडे. पीठ मळताना दिवसभर गुणगुणत असतो." माझ्या हातातली सुई हातातच राहिली. बिचाऱ्याच्या दंडाला पट्टा आवळलेला. शेवटी तोच म्हणाला, "ताई, रक्त घेताय ना? हाताला मुंग्या आल्या."

रक्त घेतलं आणि त्याला तासभर बसवून घेतलं. तो म्हणाला, तू रजा घेत नाहीस, करार संपला की वाढवून घेतोस. बाकीचे किनाऱ्यावर उतरतात तेव्हा तू भट्टी साफ करत बसतोस. एकदा त्याने फारच खोदून विचारलं तेव्हा तू म्हणालास, "आई खाली हाका मारत होती आणि मी गेलो नाही."

गेलो नाही कसा? तुला जाऊ दिलं नव्हतं! तुझ्या नावाचा कागद होता, कागदावर पॉझिटिव्ह लिहिलं होतं, आपल्या दारावर सरकारी चिठ्ठी डकवली होती. रोज फोन करून विचारायचे, पेशंट खोलीत आहे ना? मी माझं काम केलं, तू नियम पाळलास, आणि त्या चौदा दिवसांतच आई गेली. यात तुझा दोष कुठे येतो?

हेच मला तुझ्यासमोर बसून सांगायचंय. आणखीही थोडं आहे. ते तिथेच बोलू.

ही सगळी पत्रं मी साठवून ठेवते आहे. लाँड्रीवाला बावीसलाच पुन्हा रुजू होतोय. तू मला बघून तोंड फिरवलंस तर गठ्ठा त्याच्याकरवी पाठवीन.

ताई

१२ मे, गुरुवार

भुंग्या,

तिकीट काढणं हा त्यातला सोपा भाग होता. जहाजावर पाय ठेवायचा म्हणजे नाकी नऊ येतात, आणि नाकाचंच काम आहे सगळं.

लसीचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं. पण त्यावर भागत नाही. निघायच्या आधी दोन दिवसांत कोविडची तपासणी करायची, ती निगेटिव्ह यायला हवी, आणि रिपोर्टवर पासपोर्टवरचं नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी हवी. मी पुढच्या गुरुवारची वेळ घेऊन मोकळी झाले होते. मग सहज खात्री करावी म्हणून कंपनीला फोन लावला. बरं झालं लावला. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तास नाही मोजायचे, दिवस मोजायचे. रविवारी निघताय तर शुक्रवार किंवा शनिवार. गुरुवारचा रिपोर्ट आणलात तर दारातून परत पाठवतील."

म्हटलं, "मग घरीच करते. किट आहे माझ्याकडे."

"घरची नाही चालत मॅडम."

"अगं, मी स्वतः लॅब टेक्निशियन आहे. चौतीस वर्षं!"

"हो मॅडम, पण स्वतःची तपासणी स्वतः केलेली नाही चालत. स्वतःचा रिपोर्ट स्वतःच कोणी लिहू नये म्हणून नियम आहे."

"आणि आपल्या माणसाचा लिहिला तर?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "त्याबद्दल यादीत काही नाहीये मॅडम. वरिष्ठांना विचारून सांगू का?"

म्हटलं, राहू दे.

शनिवारी सकाळी मला बस पकडायची आहे, नाहीतर बंदरावर वेळेत पोचत नाही. म्हणजे राहिला शुक्रवार. एकच दिवस, एकच तपासणी. त्या दिवशी दोन रेघा आल्या तर जहाज माझ्याशिवाय जाणार. लाँड्रीवाला सांगत होता की या फेरीनंतर जहाज दुसऱ्या समुद्रात नेणार आहेत, पुढचं वर्षभर आपल्या बाजूला येत नाही. आणि तू करार वाढवून घेणार, हे मी लिहून देते.

तेव्हा आजपासून मी कोणाच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही. भाजीवाल्याला सांगितलंय, पिशवी पायरीवर ठेव, बेल दाब आणि पळ. तो म्हणाला, "ताई, कोणी मागे लागलंय का?" म्हटलं, उलट आहे, मीच एकाच्या मागे लागले आहे.

ताई

१७ मे, मंगळवार

भुंग्या,

सहा दिवस घरात एकटी आहे. भिंतींशी बोलायला लागले नाही, पण त्यांनी काही विचारलं तर उत्तर देईन अशी स्थिती आहे.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई माझ्यासाठी दोन ड्रेस शिवताहेत. जहाजावर काय जुनेरं घालून फिरणार का, असं त्यांचं म्हणणं. पण परवा त्या जिन्यात एकदा शिंकल्या आणि मी दार लावून घेतलं. मग मापाची टेप त्यांनी दांड्याला बांधून खिडकीतून वर दिली, माप मीच घेतलं आणि ओरडून सांगितलं. सगळ्या गल्लीला आता माझी कंबर ठाऊक आहे. त्या खालून म्हणतात, "चौदा दिवसांचं तेव्हा भोगलंत, तरी हौस फिटली नाही का?"

तेव्हा भोगलं ते तू भोगलंस. वरच्या खोलीत. अकरा पायऱ्या, मी काल मोजल्या. ताट मी वरच्या पायरीवर ठेवायचे, दोनदा टकटक करायचे आणि खाली यायचे. तू ताट आत घ्यायचास तेव्हा तुझं गुणगुणणं ऐकू यायचं. चौथ्या दिवसापासून ते बंद झालं.

आई अर्धवट शुद्धीत असायची. विचारायची, "भुंग्याचं जहाज सुटलं का?" मी म्हणायचे, नाही आई, तो वरच आहे. "मग खाली का येत नाही?" त्याला ताप आहे, मी सांगायचे. ती म्हणायची, "तापाला मी काय आज भ्यायले का?" आणि मग हाका. तू ऐकल्यास. मीही ऐकल्या, उशाशी बसून.

हे लिहायला बसले तेव्हा मनाशी म्हटलं होतं की ड्रेसची गंमत सांगून पत्र संपवायचं. पण एक गोष्ट निदान इथे लिहून टाकते. तू पॉझिटिव्ह आलास तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. तुझं जहाजावर निघायचं एका दिवसावर आलं होतं, ती तपासणी त्यासाठीच होती. डॉक्टरांनी मला आईचा जेमतेम एक महिना उरलेला सांगितला होता, मी तुला तो सांगितला, आणि तू म्हणालास, "ताई, करार जाईल गं. ती तर गेली दोन वर्षं जाते आहे." तुझ्या परीने ती थट्टा होती. मी चार वर्षं तिचं अंथरूण बदलत होते, मला हसू आलं नाही. मला तुला थांबवायचंच होतं. आणि तू थांबलास, आपसूक. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आज इतकंच. घसा दुखतोय का, हे मी दर तासाला बघते. नाही दुखत. बोलायलाच कोणी नाही तर दुखेल कशाला!

ताई

२० मे, शुक्रवार

भुंग्या,

आज तपासणी झाली. जे झालं ते त्याच क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा काहीतरी गाळीन.

दहाला लॅबमध्ये पोचले. माझ्या जागी आलेली पोरगी कामाला वाघ आहे, पण आज परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांची रांग दारापर्यंत होती. तिने माझ्या नाकात काडी फिरवली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि म्हणाली, बाई, बाहेर बसा. मी बाहेरच्या बाकावर बसले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. चौतीस वर्षं आत बसलेल्या माणसाला त्या बाकाची काय कल्पना असणार? पाय बधिर होतात.

पावणेअकराच्या पुढे ती बाहेर आली. चेहरा उतरलेला. "बाई, सॉरी. फिकट आहे, पण दुसरी रेघ दिसतेय."

पट्टी बघितली. करडी, पुसलेल्या पेन्सिलीसारखी. मग जित्याची खोड, तोंडातून प्रश्न गेला, "थेंब किती वाजता टाकलेस?"

तिने वही बघितली. दहा वाजून पाच. घड्याळात दहा पन्नास.

"अगं पोरी! वाचायची वेळ पंधरा मिनिटं. वीसच्या पुढे पट्टी गेली की ती कचरा. सुकताना अशी रेघ कधीकधी येते, तिला काडीचा अर्थ नसतो. फेकायची आणि नव्याने नमुना घ्यायचा."

ती ओशाळली. पण ती भित्री नाही. म्हणाली, "मला तसंच वाटत होतं बाई. पण तुमच्या वहीत उशिरा वाचलेली धरलेली आहे ना. म्हणून मला वाटलं, फिकट का होईना, दिसली तर धरायची."

"माझ्या वहीत?"

मीच तिला पहिल्या आठवड्यात म्हटलं होतं, माझ्या जुन्या वह्या वाच, सगळं काम कळेल. तिने मन लावून वाचल्या. गेल्या जूनची वही काढून माझ्यासमोर ठेवली आणि बोट ठेवलं. माझंच अक्षर. थेंब टाकल्याची वेळ अकरा दहा. वाचल्याची वेळ अकरा पंचावन्न. दुसरी रेघ फिकट. पॉझिटिव्ह. डावीकडे तुझं नाव.

"ही नोंद धरू नकोस," मी म्हटलं.

"चूक झाली होती का बाई?"

"चूक नव्हती."

तिने वही मिटली आणि नवी काडी फोडली. या वेळी मी बाहेर गेले नाही. घड्याळ हातात घेऊन पट्टीसमोर बसले. पंधराव्या मिनिटाला दोघींनी मिळून बघितलं. एक रेघ. पाचएक मिनिटांत रिपोर्ट छापून आला, नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, निगेटिव्ह. जहाजाचं दार माझ्यासाठी उघडलं.

कागद पर्समध्ये घातला आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. ती वही त्यांच्यासमोर उघडली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "वर्ष होत आलं. आता का सांगताय?"

म्हटलं, "माझ्या जागी आलेली पोरगी त्यावरून शिकतेय."

त्यांनी नोंदीवर तिरकी रेघ मारली आणि सही केली. खाली मला करायला लावली. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील. मला आता बदलीला बोलावणार नाहीत, हे मात्र न सांगता कळलं. त्यांना सांगितलं आणि तुला अजून नाही, हे उलटंच झालं. उद्या लिहिते. बॅग भरायची आहे.

ताई

२१ मे, शनिवार

भुंग्या,

बंदराजवळ एका लॉजमध्ये उतरले आहे. खोलीत पलंग, टेबल आणि एक खिडकी. खिडकीतून तुमचं जहाज येऊन लागणार तो धक्का दिसतो. तो आत्ता रिकामा आहे.

ते तुझ्यासमोर बसून सांगायचं, असा माझा हट्ट होता. आता लिहिते आहे, कारण समोर आल्यावर तू रडलास तर मी पुन्हा अर्धंच सांगीन.

त्या दिवशी अकरा दहाला मी तुझा थेंब पट्टीवर टाकला. तू बाहेर बाकावर गुणगुणत होतास. अकरा पंचवीसला, बरोबर पंधराव्या मिनिटाला, मी पट्टी बघितली. एक रेघ होती. स्वच्छ, ठळक, एक. तुला काहीही झालेलं नव्हतं. मी निगेटिव्ह लिहायला पेन उचललं. मग पेन ठेवलं, पट्टी डब्याआड सरकवली आणि काचपट्ट्या धुवायला घेतल्या. त्या आधीच धुतलेल्या होत्या. अकरा पंचावन्नला पट्टी पुन्हा काढली. करडी रेघ उमटली होती. तशी ती उमटतेच असं नाही. उमटली नसती तर मी काय केलं असतं, माहीत नाही. उमटली, आणि मी लिहिलं. वेळ मात्र खरी लिहिली. खोटं करायचं तेही टापटिपीत.

माझा बेत असा होता की तुझा करार जाईल, तू चिडशील, चौदा दिवसांनी खाली येशील आणि महिनाभर आईपाशी बसशील. करायला गेले एक. तुला मी आईसाठी अडवलं, आणि त्याच कागदाने तुला तिच्यापासून तोडलं. ती सहाव्या दिवशी गेली.

सहा दिवस, भुंग्या. मला ठाऊक होतं की तू ठणठणीत आहेस. ती हाका मारत होती. मी कुठल्याही क्षणी वर येऊन म्हणू शकले असते, चल, खोटा कागद आहे. मग नोकरी गेली असती, चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हणून मी गप्प बसले आणि स्वतःला म्हटलं, अजून आठ दिवस तर राहिलेत, आई टिकेल. तिला नेलं तेव्हा तू वरच्या खिडकीत उभा होतास. मी मान वर केली नाही.

तू गेला नाहीस असं नाही. मी जाऊ दिलं नाही. लोकांना असं सांगत जा. माझं नाव घेऊन सांग.

आणि एक. आज बसमध्ये सहा तास दुसरा विचार नव्हता. पहिल्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तू चिडलास तरी मी येणार. पण मी चढले आणि जहाज सुटलं की तुला जायला जागा कुठे आहे? मी तुला पुन्हा कोंडायलाच निघाले होते. माझ्या मनाने, तुझ्या भल्यासाठी, तुला न विचारता. ते होणार नाही.

म्हणून उद्या सकाळी गठ्ठा लाँड्रीवाल्याच्या हातात देते. मी बंदरात आत येऊन बाकावर थांबते, पण शिडी चढत नाही. तू नको म्हणालास तर त्याच बसने परत जाईन. खरंच जाईन. तिकीट, रिपोर्ट, दोन नवे ड्रेस, सगळं गेलं तरी चालेल. पण तुझं उत्तर आल्याशिवाय मी त्या बाकावरून हलणार नाही. नको असेल तर तसं लिही, पण या वेळी काहीतरी लिही.

ताई

२२ मे, रविवार
दुपारी पावणेदोन

भुंग्या,

सकाळी नऊला गठ्ठा दिला. लाँड्रीवाला म्हणाला, "ताई, एवढं काय लिहिलंत, कादंबरी?" म्हटलं, त्याच्या हातातच दे, टेबलावर ठेवू नकोस.

मी बाराला आत आले. खिडकीवरच्या माणसाने रिपोर्ट घेतला. तारीख बघितली, नाव बघितलं, पासपोर्टवरचा माझा फोटो बघितला, मला बघितलं. "शुक्रवारचा. ठीक आहे. निगेटिव्ह. शुभेच्छा, मॅडम, डावीकडे शिडी." एवढ्या दहा सेकंदांसाठी मी आठ दिवस कोंडून घेतलं होतं. शिडीकडे न जाता मी समोरच्या बाकावर बसले तेव्हा तो बुचकळ्यात पडला.

आता दर दहा मिनिटांनी पहारेकरी येतो. "मॅडम, तब्येत बरी नाही का?" बरी आहे, म्हटलं, कागद आहे तसा माझ्याकडे. "मग चढत का नाही?" निरोपाची वाट बघतेय. "कोणाच्या?" बेकरच्या. त्याला वाटतंय, मला पावाची ऑर्डर द्यायची आहे. म्हणतो, वर गेल्यावर मिळेल की सगळं. त्याला काय सांगू?

समोरून लोक ट्रंका ओढत जाताहेत, हसताहेत, फोटो काढताहेत. एक म्हातारी तिच्या बहिणीचा हात धरून शिडीवर चढली. मी बघितलं नाही असं करून बघितलं.

खरं सांगू? मला भीती वाटतेय. तू उत्तर देणार नाहीस याची नाही. तू "ठीक आहे, झालं ते झालं" असं लिहिशील, याची. तसं लिहू नकोस. चीड, शिव्या दे, पण तसं मोघम लिहू नकोस.

चारला दार बंद होतं म्हणे. हे पत्रही लाँड्रीवाल्याकडे पाठवते, तो खाली सामान घ्यायला आलाय. मी इथेच आहे.

ताई

(पिठाच्या पोत्यावरच्या लेबलच्या मागे)

ताई,

लाँड्रीवाला म्हणतो, तू बाकावर ठाण मांडून पहारेकऱ्याशी वाद घालते आहेस. भट्टीत ब्रेडची खेप आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो. तुझ्यासारखं मला लिहिता येत नाही.

सगळी पत्रं वाचली. शनिवारचं दोनदा वाचलं. राग आला. पिठाच्या डब्याला लाथ मारली, पाय सुजलाय. पण तुला सगळं माहीत नाही. तुझ्या वहीत माझी एक गोष्ट नाही.

माझ्या बॅगेत जहाजावरून आणलेले दोन किट होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एक केला. घड्याळ लावून केला. एक रेघ. वाटलं, माझंच चुकलं असेल. पाचव्या दिवशी दुसरा केला. एक रेघ. आई सहाव्या दिवशी गेली. म्हणजे आदल्या दिवशी मला पक्कं माहीत होतं. कडी आतून होती, ताई. बाहेरून कोणी लावली नव्हती.

मला वाटलं, तुझ्याकडून तपासताना चूक झाली. जिन्यावरून तुला नुसती हाक मारली असती, तर तू धावत वर आली असतीस आणि मला हाताला धरून खाली नेलं असतंस. म्हणूनच नाही मारली. मला आईला तसं बघायचं नव्हतं. मी वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येणार, तिच्या हातात काहीतरी ठेवणार, हसवणार आणि जाणार. तिचं ते शेवटचं बघायची माझी छाती नव्हती. तिने हाक मारली की मी तुझा कागद बघायचो आणि म्हणायचो, मला कुठे जाता येतंय.

लाँड्रीवाल्याला मी खरं तेच सांगितलं होतं. आई हाका मारत होती आणि मी गेलो नाही. तुझा फोन आला की वाटायचं, तू माझी समजूत घालशील, तुझा दोष नाही म्हणशील. ते ऐकायची हिंमत नव्हती, म्हणून उचलला नाही.

आज कळलं की तुलाही माहीत होतं. तू खाली, मी वर, दोघांना माहीत होतं, आणि ती एकटी मध्ये हाका मारत होती.

झालं ते झालं, असं मी लिहीत नाही. ते झालेलं नाही. माझं तरी रोज होतं.

वर ये. चारच्या आधी ये, नंतर शिडी काढतात. माझी पाळी सहाला संपते. खालच्या डेकवर मागे एक लोखंडी दार आहे, तिथे पिठाचा माणूस कोण म्हणून विचार, कोणीही आणून सोडेल. भांडायचं असेल तर भांडू. पण आधी थोडा वेळ नुसतं बसू, मला एकट्याने आईसाठी रडता येत नाही.

भुंग्या